खोलीतली दिंडी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दोन दिवसांत गाव ओसरतं. इंद्रायणीच्या घाटावर, शाळांच्या पटांगणांत, लोकांच्या ओट्यांवर उतरलेले वारकरी आकुर्डीच्या वाटेला लागलेले असतात. मागे राहतो चिखल आणि पाऊस. पुण्याच्या बाजूला मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो आणि ऑक्टोबर लागेपर्यंत हलत नाही. इंद्रायणी जिथून येते त्या लोणावळ्याकडे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. देहूत त्याच्या कितीतरी कमी. पण वर झड लागली की इथे नदी फुगते, घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, अंगणात शेवाळ धरतं आणि नुकतं पळायला शिकलेलं मूल घरात अडकतं.

हे घर केवढं असतं? देहूला लागून तळवडे आहे, नदीपलीकडे थोड्या अंतरावर चाकणची औद्योगिक वसाहत, इकडे भोसरी आणि चिंचवड. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून कामाला आलेली कितीतरी तरुण जोडपी इथल्या भाड्याच्या खोल्यांत संसार करतात. एक खोली, फार तर दोन. चार महिने वलणीवर कपडे वाळत घातलेले. रात्रपाळी करून आलेला बाप चादर डोक्यावर ओढून झोपलेला. आई ओट्याशी. आणि या सगळ्यांच्या मधून फिरणारी एक दोन वर्षांची व्यक्ती, जिला डब्यावर डबा आपटून बघायचा आहे, आत्ताच्या आत्ता.

अशा वेळी आई मुलाच्या हातात मोबाइल देते तेव्हा तिला दोष देणं फार सोपं आहे. ती घटकाभराची शांतता विकत घेत असते, कारण नवऱ्याची झोप झाली नाही तर रात्री यंत्रावर त्याचा डोळा लागेल ही भीती खरी असते. पण या वयाच्या मुलाला त्या मोबाइलची किंमत जास्त पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी. चालणं, चढणं, ओढणं, ढकलणं, लोळणं, सगळं यात धरलं आहे. एका जागी तासाभराहून अधिक वेळ त्याला जखडून ठेवू नये. दोन वर्षं पुरी होईपर्यंत पडदा जवळपास नकोच, आणि त्यानंतरही दिवसाला एक तासाच्या आतच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे; परभणीच्या किंवा जळगावच्या आजीआजोबांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलायला मात्र त्यांची हरकत नाही.

तीन तास हालचाल, तीही दहा बाय दहाच्या खोलीत! आकडा वाचून छाती दडपते. पण हे तीन तास सलग नसतात आणि त्यांत व्यायाम असा काही नसतो. शिवाय या वयाच्या मुलाला काय आवडतं हे एकदा नीट कळलं की अर्धं काम झालेलं असतं. त्याला खेळण्यापेक्षा घरातल्या कामात वाटा हवा असतो.

हा शोध लागला त्या जागेची गोष्ट देहूच्या खोल्यांमधल्या आईबापांना ओळखीची वाटेल. रोममध्ये सान लोरेंझो नावाची कामकऱ्यांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुलं जिन्यांवर धुडगूस घालत, भिंती खराब करत. त्यांना सांभाळायला इमारतीतच एक खोली काढली आणि ती मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंच्या हवाली केली. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे पहिलं 'बालगृह' उघडलं. बाईंनी तिथे खेळणीही ठेवली होती. मुलं ती सोडून हात धुणं, झाडणं, टेबल मांडणं, पाणी ओतणं यांतच रमू लागली. एखादी गोष्ट जमली तरी ती पुन्हा पुन्हा करत राहिली. माँटेसरीबाईंनी मुलांच्या उंचीचं फर्निचर आणि त्यांच्या हाताला पेलतील अशी खरी भांडी करून घेतली, ती हे बघूनच. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षं इथेच राहिल्या.

आपल्या देशात हा विचार त्यांच्या येण्याआधीच पोचला होता. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली भावनगरला नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पण महागडी साधनं आणि शहरी मुलं यांत तो विचार अडकून पडतोय हे ताराबाईंना खुपत होतं. १९४५ साली त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्याबरोबर कामाला आल्या अनुताई वाघ, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथल्या वारली मुलांसाठी या दोघींनी विकत आणलेल्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, दगडगोटे वापरले. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरली मुलगी शाळेत येत नाही, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा आग्रह पुढे साऱ्या देशभर पसरलेल्या अंगणवाडीच्या मुळाशी आहे. या अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

या इतिहासातून एका खोलीतल्या आईने काय घ्यायचं? एवढंच, की आपल्याकडे साधन नाही असं समजू नये. मांडणीवरची खालची फळी हीच पहिली साधनपेटी. त्या फळीवरून काच आणि धारदार वस्तू हलवाव्यात आणि तिथे एक परात, दोन-तीन वाट्या, एक फुलपात्र, पळी, ओगराळं, झाकणाचे दोनतीन डबे ठेवावेत. ही फळी मुलाची, हे घरात सगळ्यांना सांगून टाकावं. डब्याला त्याचंच झाकण बसतं, दुसऱ्याचं बसत नाही, हे कळायला दीड वर्षाच्या मुलाला बराच वेळ लागतो आणि त्या वेळात त्याच्या डोक्यात मोठं काम चाललेलं असतं. मोठ्यांनी झाकण घेऊन "असं बसव" म्हणू नये. पाच वेळा चुकू द्यावं.

इंग्लंडमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या शिक्षिकेने पाळणाघरांत नेमकं हेच केलं. एक-दोन वर्षांच्या मुलांपुढे त्यांनी खेळण्यांऐवजी डबे, नळकांडी, साखळ्या, लाकडी कड्या, झाकणं यांचे ढीग ठेवले आणि सांभाळणाऱ्या बायकांना जवळ गप्प बसून राहायला सांगितलं. मुलं भरत राहिली, ओतत राहिली, अडकवत राहिली. खेळ संपला की वस्तू गोळा करून पिशव्यांत भरणं हाही त्या खेळाचाच भाग होता आणि तो मुलांनीच करायचा होता. पसारा आवरणं ही शिक्षा आहे, असं दोन वर्षांच्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला ते आवडतं.

कामात वाटा म्हणजे नेमकं काय, हे पावसाळ्याच्या दिवसांतल्या स्वयंपाकघरात पाहावं. मेथीची जुडी सोडून पानं खुडायची. देठ एकीकडे, पाला एकीकडे. दोन वर्षांच्या मुलाचा पाला कधीकधी देठांत जाईल, जाऊ दे. मक्याच्या कणसाची सालं ओढून काढायला अंगात बऱ्यापैकी जोर लागतो आणि ते आतले रेशमी धागे मुलांना भलते आवडतात. पिठाची चाळण हलवणं, कोथिंबीर धुवायला पाण्यात बुडवणं, वलणीवरून उतरवलेले मोजे जोडीजोडीने लावणं, बाबांचे मोठे आणि आपले छोटे वेगळे करणं. ओलं फडकं हातात दिलं तर मूल गुडघ्यांवर बसून फरशी पुसत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. १८० मिनिटांतली दहा तिथे संपली. फरशी काही फार स्वच्छ होत नाही, पण दंड, मनगट आणि गुडघे सगळ्यांना काम मिळतं.

इथे एक वाद हमखास निघतो. शहरातल्या पाळणाघरांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत टबभर तांदूळ, डाळ किंवा राजमा ओतून त्यात मुलांना खेळवतात. त्याचं नाव 'सेन्सरी बिन'. देहूतल्या बहुतेक घरांत आजी हे पाहून कपाळाला हात लावेल, कारण अन्नात खेळणं, ते पायदळी तुडवणं हा तिच्या लेखी अन्नाचा अपमान. आजीचं म्हणणं मोडायचं कारण नाही. ते संस्काराच्या बाजूने बरोबर आहेच, पण वैद्यकाच्या बाजूनेही बरोबर आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात शेंगदाणे, फुटाणे, राजमा, चिंचोके, मणी पडले की ते तोंडात जातात, नाकात जातात, कानात जातात. शेंगदाण्याचा दाणा श्वासनलिकेत अडकणं हा लहान मुलांच्या डॉक्टरांना नेहमी दिसणारा, आणि जिवावर बेतू शकणारा अपघात आहे. धान्याशी ओळख व्हायला हवी, पण ती जे पुढे शिजणार आहे त्याच्याशी: आईच्या हाताखाली पीठ चाळताना, तांदूळ धुताना पाण्यात बोटं फिरवताना.

पाणी हा या वयाचा सगळ्यात मोठा आनंद आणि पावसाळ्यातला सगळ्यात मोठा धोकाही. मोरीत परातीत चार बोटं पाणी, एक तांब्या, एक गाळणं आणि स्पंजचा तुकडा दिला की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. स्पंज पिळणं हा बोटांना पुढे पेन्सिल धरायला तयार करणारा उत्तम व्यायाम. पण या अर्ध्या तासात मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं; भाजी ढवळून येते म्हणून उठून जायचं नाही. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलेलं मूल आत पडलं तर त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही, आणि बुडायला वीतभर पाणीही लागत नाही. गळक्या पत्र्याखाली ठेवलेली बादली, नळाला पाणी येणार नाही म्हणून भरून ठेवलेला पिंप, दोन्हींवर पावसाळ्यात पक्कं झाकण हवं. आणि कागदी होड्या सोडून झाल्या की परात पालथी करून ठेवावी, कारण डेंग्यूचा डास असल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

आता हालचालीकडे. देहूतल्या मुलांना यासाठी कुणी परका खेळ शिकवायची गरज नाही. पालखी सोहळा तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला असं मानतात; म्हणजे तीनशेहून अधिक वर्षं या गावातली पोरं दारातून जाणाऱ्या दिंड्या बघत मोठी झाली आहेत. चालता येऊ लागलेलं मूल टाळ वाजला की पाय हलवतं. तेव्हा खोलीतच दिंडी काढावी. कागदाची किंवा जुन्या फडक्याची पताका, आईच्या पदराची टोपी, टाळांच्या जागी डब्यांची प्लास्टिकची दोन झाकणं. पलंगाला वळसा, ओट्यापर्यंत, दारापर्यंत, परत. मग पावली: दोन पावलं पुढे, एक मागे. दोन वर्षांच्या मुलाला मागे पाऊल टाकणं अवघड जातं आणि म्हणूनच ते करायला मजा येते. टाळ थांबला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. धावत्या अंगाला आवर घालून थांबणं ही मुलाच्या मेंदूला या वयात शिकायची असलेली मोठीच गोष्ट आहे, आणि वारकऱ्यांच्या ठेक्यात ती आपोआप येते.

दिंडीनंतर रिंगण. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर बेलवाडी, इंदापूर आणि अकलूजला घोड्यांची गोल रिंगणं होतात. खोलीत सतरंजी गोल गुंडाळून मध्ये ठेवावी आणि मुलाने घोडा होऊन तिच्याभोवती धावावं, थकलं की दुसऱ्या बाजूने रांगावं. गोधड्यांची चळत करून तिच्यावर चढणं आणि घरंगळत खाली येणं हा वारीच्या वाटेवरचा उतार समजायला हरकत नाही. पाणी भरलेल्या दोन लहान बाटल्या पिशवीत घालून ती ओढत न्यायला दिली तर त्याला वारकऱ्याचं ओझं होतं. जड वस्तू ओढल्यावर चिरचिरं झालेलं मूल बहुतेक वेळा निवतं. एक गोष्ट आधी तपासावी: वलणीची किंवा पडद्याची दोरी मुलाच्या गळ्याच्या उंचीवर लोंबकळत असेल तर ती आधी वर बांधावी.

पण बाबा झोपलेत. या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे आणि मुलांच्या खेळांवरच्या पुस्तकांत तो सापडत नाही, कारण ती पुस्तकं ज्या घरांसाठी लिहिलेली असतात तिथे झोपायची खोली वेगळी असते. रात्रपाळीहून आलेला माणूस साधारण सकाळी झोपतो तो दुपारपर्यंत. म्हणून दिंडी आणि रिंगण संध्याकाळी, आणि सकाळ बिनआवाजाच्या खेळांची, अशी दिवसाची मांडणी करणं बरं. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणाला पत्ता जाईल एवढी चीर पाडावी आणि जुना पत्त्यांचा कॅट मुलापुढे ठेवावा. बावन्न पत्ते एकेक करून आत टाकायचे, खोकं उघडायचं, पुन्हा टाकायचे. आवाज अजिबात नाही. खोक्याच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावणं आणि काढणं हेही असंच मुकाट काम. शहाबादी फरशीवर नुसत्या पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने रेघोट्या ओढल्या की फरशी काळी होते, थोड्या वेळाने रेघोट्या नाहीशा होतात, मग नव्या काढायच्या. लग्नपत्रिका तर प्रत्येक घरात साठलेल्या असतात. त्यांतले गणपती शोधून फाडून काढायचे आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजवून वहीत चिकटवायचे. फाडण्याची परवानगी मिळणं हेच मुलाला मोठं सुख आहे.

मग कणकेचा गोळा. हा खेळ आपल्या पावसाळी सणांनीच घरात आणून ठेवला आहे. आषाढी अवसेला, दिव्यांच्या पूजेला, कणकेचे दिवे उकडतात. नागपंचमीला मातीचा नाग, पोळ्याला मातीचे बैल, गणपतीला शाडू. जून ते सप्टेंबर बायकांचे हात कशाला ना कशाला आकार देत असतात आणि त्यांच्या गुडघ्याशी बसलेल्या मुलाच्या हातात एक गोळा पडतोच. तो नुसता पडू न देता त्याच्याशी तासभर थांबावं. थापणं, चिमटे काढणं, लाटणं, वाटीने गोल कापणं, त्यात कंगव्याने ठसे उठवणं. थोडं जास्त मीठ घातलं तर मूल एकदा चव घेऊन थुंकतं आणि पुन्हा खात नाही. बचकाभर खाल्लं तर मात्र जास्तीचं मीठ लहान मुलाला बाधतं, तेव्हा लक्ष हवं. चिमूटभर हळद घातली की पिवळा गोळा, बिटाचा रस घातला की गुलाबी. श्रावणी शुक्रवारी आया लेकरांसाठी जिवतीची पूजा करतात. त्या कागदावरच्या चित्रात मुलांनी वेढलेल्या आया आहेत, एकीच्या मांडीवर मूल, एकीजवळ पाळणा. ते चित्र दाखवून "बाळ कुठंय? पाळणा कुठंय?" एवढं विचारलं तरी दहा मिनिटांच्या गप्पा होतात.

गप्पा हा या सगळ्याचा कणा आहे आणि त्याबद्दल एक खात्रीचा पुरावा हाताशी आहे. जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली कुपोषणामुळे खुंटलेल्या १२९ मुलांवर एक प्रयोग झाला. मुलं नऊ महिने ते दोन वर्षांची, घरं गरिबांची. त्यांतल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात. सोबत प्लास्टिकच्या बाटल्या, खोकी अशा टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी नेत आणि आईला त्यांतून मुलाशी खेळायला, बोलायला, वस्तूंची नावं सांगायला, त्याच्या प्रयत्नाला शाबासकी द्यायला शिकवत. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं तेव्हा, ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई इतर मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. खेळणी फुकटची होती. मोल होतं ते आईच्या शेजारी बसण्याचं आणि बोलण्याचं. ती आई अहिराणीत बोलो, वऱ्हाडीत बोलो, नाहीतर मराठवाडी हेल काढून. मुलाशी तिने तिच्याच बोलीत, भरभरून बोलावं. खिडकीच्या गजांतून पाऊस बघताना पागोळ्या, डबकं, बेडूक, ओलं कुत्रं, छत्री हे सगळं बोट दाखवून सांगण्याजोगं आहे.

खेळण्यांच्या संख्येबद्दलही एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात २०१८ साली दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा १६ खेळण्यांबरोबर आणि एकदा फक्त चार खेळण्यांबरोबर खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ थांबली आणि ते जास्त प्रकारांनी वापरून पाहिलं. लहान खोलीत राहणाऱ्यांसाठी ही चांगलीच बातमी आहे. चार-पाच वस्तू बाहेर, बाकीच्या पिशवीत बांधून पलंगाखाली. आठवड्याने पिशवी बदलली की जुनी वस्तू मुलाला नव्यासारखी वाटते.

या वयाच्या मुलांसाठी सरकारी व्यवस्था काय आहे? अंगणवाडीत रोज बसायला येतात ती तीन वर्षांवरची मुलं. त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार, लसीकरण आणि वजन-उंचीची नोंद मिळते. दिवस मात्र ती घरीच काढतात. ही पोकळी भरायला महाराष्ट्रात 'आरंभ' नावाचा कार्यक्रम चालतो. त्यात अंगणवाडीसेविका गृहभेटींतून आणि पालक मेळाव्यांतून घरच्या वस्तूंची खेळणी आणि मुलाशी बोलण्याच्या रीती दाखवतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानेही २०२४ साली 'नवचेतना' हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा आराखडा आणला. त्यात ३६ महिन्यांचं खेळांचं वेळापत्रक आहे, १४० खेळ आहेत. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना बहुधा याचा पत्ता नसतो. आपल्या भागातल्या अंगणवाडीत नाव नोंदवताना "तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पालक मेळावा कधी असतो?" हे विचारावं. तो आपला हक्क आहे.

वीज गेल्यावरची संध्याकाळ वेगळीच असते. जोराच्या पावसात ती जातेच. मेणबत्तीऐवजी बॅटरी लावावी आणि भिंतीवर हातांचं हरिण, ससा, चोच उघडणारा पक्षी करावा. मुलाला आपल्या सावलीची गंमत आणि थोडी भीती अशी दोन्ही वाटते. मांडीवर घेऊन दाखवलं की भीती सरते. गावाकडच्या आजीकडून आलेले गुदगुल्यांचे, बोटं मोजण्याचे, मांडीवर घोडा करण्याचे खेळ आणि बडबडगीतं यांची खरी वेळ हीच.

खोल्यांच्या चाळीत आणखी एक सोय असते, तिचा फायदा घ्यायचं राहून जातं. चार दारांपुढे एकच पडवी किंवा गॅलरी. तिला छप्पर असतं, पाऊस आत येत नाही. आळीपाळीने एकेका आईने सकाळचा तासभर तिथे तीन-चार मुलं सांभाळली तर बाकीच्या तिघींची धुणी होतात आणि चार घरांतले बाप झोपतात. मोकळा जिना असेल तर त्याला फळी लावायची, कठड्याच्या गजांमधून मुलाचं डोकं जात नाही ना ते बघायचं. दोन वर्षांची मुलं एकमेकांशी फारशी खेळत नाहीत, शेजारी बसून आपापलं खेळतात. त्यांची भांडणं एकाच डब्यावरून होतात, म्हणून डबे दोन असावेत.

आणि बाबा? या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते; त्या दिवशी बाबांना खेळणी बनवता येतील. खेळणी बनवणारे म्हणून देशभर ओळखले जाणारे अरविंद गुप्ता हे मूळचे आयआयटी कानपूरचे अभियंते. त्यांनीही काही वर्षं पुण्याच्या टेल्को कारखान्यात काढली होती. कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूंतून मुलांसाठी विज्ञानाची खेळणी करण्याचं काम त्यांनी पुढे आयुष्यभर केलं. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत त्यांचं खेळणी केंद्र होतं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची बहुतेक खेळणी मोठ्या मुलांसाठी आहेत, पण वर्तमानपत्राच्या घडीच्या टोप्या दोन वर्षांच्या मुलालाही चालतात. फिटर, वेल्डर, टर्नरच्या हातात जे कसब आहे ते लाकडाचे चार ठोकळे कापायला आणि त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायला पुरेसं आहे. ठोकळे मुलाच्या मुठीत मावतील पण तोंडात जाणार नाहीत एवढे हवेत. त्यासाठी कारखान्यातलीच एक सवय कामी येते. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे भाग तपासायला सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात: जो भाग त्यात पुरता मावतो तो लहान मुलाला द्यायचा नाही. घरी दीड इंची पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा गेज म्हणून ठेवावा. तो त्याहून थोडा रुंद असल्याने तपासणी जास्तच कडक होते. यंत्रावर रोज गो आणि नो-गो गेज लावणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. ठोकळा, बाटलीचं झाकण, खुळखुळ्याची कडी, थोरल्या भावाच्या गाडीचं चाक, जे आरपार जाईल ते वरच्या फळीवर. रिमोटमधली आणि वाजणाऱ्या खेळण्यांमधली बटणासारखी बॅटरी मात्र गेज न लावताच कुलपात ठेवावी. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते; तशी नुसती शंका आली तरी मुलाला उलटी करवायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं.